पंख्याच्या वायरीची सुरगाठ

बाई, मडावी मॅडमचं मशीन चालू झालं. हे आधी सांगते, कारण तू कुठूनही परत आली असतीस तरी पाणी मागायच्या आधी हेच विचारलं असतंस. नवा पॉवर सप्लाय बसला, पडदा उजळला, आणि कॅबिनेटचे दोन्ही पंखे फिरताहेत. ते कुठे जोडले तेही सांगणार आहे. पण जरा सावकाश सांगते, कारण आपलं शेवटचं भांडण त्यावरूनच झालं होतं.

तुझी तेरवी होऊन पाच दिवस झाले. परवापर्यंत मी दुकानाचं शटर वर केलं नव्हतं. लोक घरी येत होते, कोणाचा प्रिंटर अडलाय, कोणाला सातबारा काढायचाय, आणि मी ‘उघडते, उघडते’ म्हणत चटईवर बसून होते. परवा सकाळी उघडलं, तर आत सगळीकडे सावरीचा कापूस. मागच्या खिडकीची फट बुजवायला हवी असं तू दोन वर्षं म्हणत होतीस आणि मी दोन वर्षं ‘बुजवू’ म्हणत होते. दुकानामागच्या काटेसावरीची बोंडं उकलली आणि सगळा कापूस त्या फटीतून आत येऊन बसला होता. टेबलावर, कीबोर्डांवर, तुझ्या खुर्चीवर. शटर वर गेल्यावर वारा शिरला, तसा तो जमिनीवरून हळूच उठला, हवेत जरा रेंगाळला आणि परत खाली बसला. बाहेर मोहाचा वास होता. मला वाटलं, तू आतच आहेस आणि कोणाचं तरी मशीन तपासत बसली आहेस.

दुसऱ्या कोणाच्या दुकानात हा कापूस झाडून टाकला असता. तू तो पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवायचीस. मी पहिल्यांदा तुझ्या दारात आले ती टायपिंग शिकायला. टायपिंगचे दिवस तेव्हा संपतच आले होते. चार टाइपरायटर भिंतीला लावून ठेवलेले, आणि मधल्या टेबलावर तू एक कॉम्प्युटर उघडून बसली होतीस. वर न बघता म्हणालीस, “पोरी, दार लाव. वारा नोको येऊ देऊ.” मग डब्यातून चिमूटभर कापूस काढून पुढच्या जाळीसमोर सोडलास. तो क्षणभर जागच्या जागी थांबला आणि जाळीकडे ओढला गेला. मागे जाऊन आणखी एक चिमूट सोडलीस, ती उडून टाइपरायटरवर जाऊन बसली.

“पुढून आत, मांगून बाहेर. झालं,” तू म्हणालीस आणि झाकण लावलंस.

वारा कुठे जातो त्याचा बाण पंख्याच्या चौकटीवरच उमटवलेला असतो, हे मला पुढे कळलं. तुला ते आधीपासून माहीत होतं. पण तुझं म्हणणं, “बाण करनाऱ्यानं केला. कापूस खोटं नाई बोलत.” मी त्या दिवशी टायपिंगचा विषयच काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सतरा वर्षं झाली, मला अजून दोन बोटांनीच टाइप करता येतं.

अख्खं कुरखेडा तुला बाई म्हणायचं आणि तुमी म्हणायचं. मी बाई म्हणून तूच म्हणत आले. आमच्या घरी थोरल्या बहिणीला बाई म्हणतात आणि तिला कोणी तुमी म्हणत नाही. तू कधी टोकलं नाहीस. एकदा फक्त म्हणालीस, “बहीन हायेस तं मंग डब्यात मायासाठी भाजी जास्त आनत जाय.” मी आणत गेले.

पहिल्या वर्षीची माझी चूक तू मला कधी ऐकवली नाहीस, म्हणून आज मीच ती काढते. वैरागडच्या एका रिटायर मास्तरांचं मशीन होतं. पॉवर सप्लाय बदलायचा होता, आणि तू पहिल्यांदाच म्हणालीस, “तू कर, मी पाह्यत नाई.” मी जुना काढला, नवा बसवला. चोवीस पिनांची जाड पट्टी बोर्डाला, चार पिनांची प्रोसेसरजवळ, मग डिस्कची. काम करताना लोंबणाऱ्या वायरी बाजूला बांधून ठेवायच्या, हे तूच शिकवलं होतंस. प्लास्टिकच्या पट्ट्या तुला चालत नसत, त्या उन्हाळ्यात तडकतात. तू झाडाच्या सालीची बारीक दोरी वापरायचीस, तुझी माय तेंदूपत्त्याचे पुडके बांधायची तशीच. पुडके मीही लहानपणापासून बांधत आलेली. तेव्हा दोन्ही पंख्यांच्या वायरी मी अशा काही झोकात बांधल्या की बघत राहावं. आणि झाकण लावलं.

बांधलेला पुडका कोणी परत उघडून बघत नाही, बाई. बांधला म्हणजे झाला, पुढचा घ्यायचा. माझ्या हातांनी तेच केलं. आणि पंखा न जोडता मशीन अडून बसलं असतं तर बरं झालं असतं, पण ते छान चालू होतं. मास्तरांचं मशीन चैत्रात सुखाने चाललं आणि वैशाखातल्या एका दुपारी आतल्या आत भाजून बंद पडलं.

मास्तर ते घेऊन आले तेव्हा रागाने लाल झाले होते. तू झाकण काढलंस. आत माझा तो देखणा पुडका, दोन्ही पंख्यांच्या वायरी त्यात, कुठेही न जोडलेल्या. मी मागे उभी होते, पायाखालची फरशी मोजत. तू म्हणालीस, “मास्तर, माह्याच हातानं राह्यलं हे. पोरीनं नाई केलं. मीच बांधून ठेवलं अन् भुलली.” मास्तरांनी तुला अर्धा तास सुनावलं. बाईमाणसानं हे धंदे करूच नये इथपर्यंत गेले. तू ‘हो मास्तर, हो’ करत ऐकून घेतलंस. ते गेल्यावर तू मला चहा पाजलास आणि चहा पिता पिता एक नियम केलास. जोडून झालं की निरगाठ. जोडायचं बाकी असेल, किंवा दुसरीला विचारायचं असेल, तर सुरगाठ, एका ओढीत सुटणारी. झाकण लावायच्या आधी सगळ्या गाठींवरून हात फिरवायचा. एक जरी सुरगाठ हाताला लागली तरी झाकण लावायचं नाही.

नियमाचं कारण तू सांगितलं नाहीस. मला ते माहीत होतं.

त्यानंतर आपण किती मशीनं उघडली असतील. तुझ्या सुरगाठी मी बघितल्या आहेत, डिस्कच्या वायरीवर, समोरच्या बटणाच्या वायरीवर, एकदा तर घरून आणलेल्या वांग्यांच्या पिशवीवर. पण पंख्याच्या वायरीला तुझी सुरगाठ मी कधी पाहिली नाही. तिथे तू कोणाला विचारत नव्हतीस. पंखा थेट पॉवर सप्लायला, त्या जाड चार पिनांच्या जोडावर, म्हणजे मशीन चालू आहे तोवर तो पूर्ण वेगाने फिरणार, थंडी असो की ऊन. मी म्हणायची, मग बोर्डावर पंख्यासाठी त्या लहान पिना दिल्यात कशाला? तिथे जोडला की बोर्ड गरमी बघून वेग कमीजास्त करतं, आवाजही होत नाही.

“बोर्डाले का मालूम कुरखेड्याचा मे महिना,” तू म्हणायचीस. एटापल्लीकडचं, लोखंडाच्या खाणीजवळचं मशीन आलं की आतली लाल धूळ बोटावर घेऊन माझ्या नाकासमोर धरायचीस. “हे पाह्य. सूरजागडचा पहाड आत येऊन बसला. अन् तू पंखा हळू फिरव म्हनते.”

हे भांडण आपण इतकी वर्षं घातलं की त्याची सवय झाली होती. कधी काही कारण नसलं तरी मी मुद्दाम काढायची. तू चिडलीस की पान जरा जोरात चावायचीस, ते मला बघायला आवडायचं. आता सांगून टाकते.

मग मडावी मॅडम आल्या. कोरचीकडच्या जंगलातली त्यांची शाळा, वर टिनाचं छप्पर. गावातल्या म्हाताऱ्या बायांना मशीनसमोर बसवून त्या गोंडी गोष्टी रेकॉर्ड करतात आणि वर्गात ऐकवतात. पॉवर सप्लाय गेला म्हणून कॅबिनेट जुन्या लुगड्यात गुंडाळून स्कूटीवर घेऊन आल्या होत्या. ते मशीन तुझ्याच हाताने लागलेलं, पंखे अर्थातच थेट. जाता जाता त्या म्हणाल्या, “बाई, गोष्टी लय चांगल्या येते. पन मांगं सारखा घुं घुं आवाज येते. पोरं म्हनते, आजीच्या गोष्टीत मोहोळ हाये.”

तू खुश झालीस. “मंग काय वाईट हाये? थो आवाज नाई निघत, मॅडम. मशीन श्वास घेते थो.”

आणि मी, दोन पावलं पुढे येऊन, म्हणाले, “निघते, मॅडम. पंखे बोर्डावर जोडले का नवीन रेकॉर्डिंगमंधी येनारच नाई. अन् जुन्यातला मी काहाडून देते. बाईले हे नवीन काही मालूम नाई.”

लग्नाच्या व्हिडिओंचे आवाज मी साफ करून देते, त्यामुळे म्हणाले ते खोटं नव्हतं. पण ते तसं म्हणायचं नव्हतं, आणि मॅडमसमोर तर नव्हतंच. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. स्क्रू ठेवायच्या वाटीत बोट फिरवत राहिलीस. मॅडम गेल्यावर एवढंच म्हणालीस, “गिऱ्हाइकासमोर काऊन बोललीस?” मी म्हणाले, “खरं थेच बोलली.” मास्तरांचं नाव तू तेव्हाही काढलं नाहीस. काढायला हवं होतंस, बाई. काढलं असतंस तर मी तिथेच तुझे पाय धरले असते.

तीन दिवस आपण बोललो नाही. म्हणजे बोललो, पण समोरच्या गिऱ्हाइकामार्फत. “तिले सांगा, कैची पाह्यजे.” “तिले सांगा, कैची तिच्याच खिशात हाये.” आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेला माणूस गोंधळून एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मला आतून हसू येत होतं. तुलाही येत असावं, कारण तू पदर तोंडाशी धरला होतास. त्या वेळी हसून टाकलं असतं तर संपलं असतं. मी वाट बघत होते की तू हसशील, आणि तू बहुतेक माझी वाट बघत होतीस.

चौथ्या दिवशी डोकं जड झालंय म्हणून तू दुपारी घरी गेलीस. मला सांगून गेली नाहीस. मी डबा उघडला, तुझ्या वाटणीची भाजी त्यात होती, आणि सांगून जायला काय झालं होतं म्हणून रागारागात ती मीच खाल्ली. हात धुतच होते तेव्हा तुझ्या घरून भाऊजींचा फोन आला. तू जरा पडते म्हणून पडलीस आणि उठलीच नाहीस. मला तुझा राग आला, बाई. अजूनही मधूनच येतो, आणि मग त्या भाजीची आठवण होऊन तो कुठे जातो ते कळत नाही.

परवा कापसात तशीच बसून राहिले. कूलर लावला नव्हता. दुपारी तुझ्या खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात आपलं दुकान धानाच्या बांधीत होतं. पाणी भरलेलं, आणि बांधावर ओळीने मशीनं ठेवलेली, सगळ्यांची झाकणं उघडी. तू लुगडं खोचून एकेका मशीनपाशी थांबत होतीस, गाठ मारत होतीस, पुढे जात होतीस. वरून कापूस पडत होता, पण पाण्यावर पडून भिजत नव्हता. मी मागून चालत विचारत होते, बाई, पंखे कुठे जोडायचे? तू वळलीस. तोंडात पान होतं, म्हणून बोलता येईना. तू हाताने ‘थांब’ अशी खूण केलीस आणि पिंक टाकायला जागा शोधत दूर दूर गेलीस. मी बांधावर थांबले, आणि जाग येईपर्यंत थांबलेलीच होते.

उठून तोंडावर पाणी मारलं. टेबलाच्या कोपऱ्यात, मॅडमच्या त्याच लुगड्याने झाकलेलं त्यांचं मशीन होतं. त्या तीन दिवसांत तू त्यावर काम करत होतीस, आणि मी मुद्दाम तिकडे बघत नव्हते. लुगडं काढलं. नवा पॉवर सप्लाय तू बसवून ठेवला होतास, चारही स्क्रू घट्ट. झाकण तू लावलंच नव्हतंस. मी आत हात घातला आणि तुझ्या नियमाप्रमाणे गाठींवरून फिरवला. मोठी पट्टी, निरगाठ. प्रोसेसरची, निरगाठ. डिस्कची, निरगाठ. मग पुढच्या पंख्याची वायर हाताला लागली, आणि गाठ बोटाखाली सरकली.

सुरगाठ होती. मागच्या पंख्यालाही सुरगाठ.

नव्या सप्लायला तो जाड चार पिनांचा जोड होता, मी बघितलं, रिकामाच होता. तुला थेट जोडायचं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. तू ते केलं नाहीस. दोन्ही वायरी बोर्डाच्या आणि सप्लायच्या मधोमध आणून, सालीची दोरी गुंडाळून, एका ओढीत सुटेल अशी गाठ मारून ठेवलीस. बाकी राहिलंय म्हणून, की विचारायचंय म्हणून, हे मला कोण सांगणार? भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, “थे घरी दुकानाचं बोलेच नाई.” पण सतरा वर्षं ज्या वायरीसाठी तू कोणाला विचारलं नाहीस तिला तू ही गाठ मारलीस. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे की तू मला विचारणार होतीस. बाकी होतं म्हणून असेल तर तसं असू दे. मला हे मानू दे.

विचारलंस म्हणून सांगते, बोर्डावर. तुला बरं वाटावं म्हणून मी थेट जोडणार होते, हातात जोड धरलाही होता. पण विचारणाऱ्याला खोटं उत्तर देऊ नये. पंख्यांना लावलेली, जाड जोडात बसणारी ती मधली वायर काढली आणि पंख्यांची लहान टोकं बोर्डाच्या पिनांवर बसवली. ती खाच बघून एकाच बाजूने बसतात; टोकाला भोकं तीनच, म्हणून बोर्डाची चौथी पिन मोकळी राहते. मात्र तुझा मे महिना मी विसरले नाही. वेग अर्ध्याच्या खाली कधीच उतरू नये असं बोर्डाला सांगून ठेवलंय. गरमी वाढली की ते पंखे तुझ्यासारखेच ओरडत फिरतील. गाठी मात्र मी सुरगाठीच ठेवल्या. निरगाठ मारायला हात झाला नाही.

काल मशीन घेऊन शाळेत गेले. झाकण न लावता वेगळंच नेलं होतं. मशीन उघडंच टेबलावर ठेवलं, चालू केलं, आणि तुझ्या डब्यातला कापूस पुढे सोडला. आत ओढला गेला. मागे सोडला, तो बाहेर उडून खिडकीतल्या उन्हात गेला. मडावी मॅडम बघत होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मशीनसमोर दोन वाक्यं बोलून रेकॉर्ड केली आणि ऐकली. मागे काहीच आवाज नव्हता. इतकं शांत की बाहेर कोंबडी पाचोळा उकरत होती तेही ऐकू आलं. नवीन गोष्टी आता अशा येतील, बाई. त्या बाबतीत माझंच बरोबर होतं आणि हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

मग मॅडमनी एक जुनी गोष्ट लावली. एक म्हातारी बाई सांगत होती, गोंडी मला अर्धीच कळते, कोणीतरी हरवलं होतं आणि जंगल त्याला रस्ता दाखवत होतं. आणि तिच्या आवाजामागे ते मोहोळ. तुझे दोन पंखे, थेट जोडलेले, पूर्ण वेगाने. म्हातारी श्वास घ्यायला थांबली की तेवढाच आवाज राहायचा. आपलं दुकान चालू असताना दिवसभर असाच आवाज असायचा, आणि सतरा वर्षांत मी तो कधी कान देऊन ऐकला नव्हता.

गोष्ट संपल्यावर मॅडम म्हणाल्या, “ताई, तुमी म्हनल्या होत्या, जुन्यातला आवाज काहाडून देते म्हनून. देता का?”

येतो तो काढता. चार-सहा बटणांचं काम आहे, मी अर्ध्या दुपारीत सगळ्या गोष्टी साफ करून दिल्या असत्या. तुला ते माहीत नव्हतं आणि मला होतं, त्यावरूनच तर मी तुझा पाणउतारा केला होता. ह्याच मॅडमसमोर.

“नाई निघत, मॅडम,” मी म्हणाले. “थ्या दिवशी मीच चुकीचं बोलली. बाईचंच बरोबर होतं. मशीन श्वास घेते थो.”

मॅडमनी मान हलवली. “राहू द्या मंग,” म्हणाल्या. “पोरायले आवडतेच थे.”

मी मशीनकडे वळले. आत हात घालून पुढच्या पंख्याची सुरगाठ ओढली, मग मागच्या पंख्याची. तुझी दोरी हातात आली, तीच परत गुंडाळली आणि दोन्हींना निरगाठ मारली. सगळ्या गाठींवरून एकदा हात फिरवला, आणि झाकण लावलं.